क्रेमोनातल्या दाराबाहेरचे बूट

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि मोठे शब्द तर येतच नाहीत. वडील इथे अमेरिकेतल्या देवळात पुजारी म्हणून आले तेव्हा मी नववीत होतो. इथल्या हायस्कूलमध्ये जेमतेम वर्षभर बसलो. इंग्रजी सगळं डोक्यावरून जायचं. मग शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून गाड्यांच्या गॅरेजमध्ये आहे. त्यामुळे चुका दिसल्या तर सोडून द्या.

आमच्या ग्रुपचं असं आहे की कुठेही एकत्र गेलो की किस्से होतात, आणि परत आल्यावर ते वाढत जातात. रविवारी प्रसन्नदादाकडे जेवायला बसलो की कुणीतरी 'क्रेमोना' म्हणतं आणि ताटातला भात निवून जातो. प्रत्येक जण आपापलं सांगतो, आणि दर वेळी थोडं जास्तच सांगतो. परवा मुग्धावहिनी म्हणाली, "दिगू, तू एकटाच गप्प असतोस, म्हणजे तुलाच खरं आठवत असणार. तूच लिहून काढ."

म्हणून लिहितोय. माझं नाव दिगंबर. राहतो शिकागोजवळ, नेपरव्हिलला.

*

सुरुवात कुंदामावशींपासून करायला हवी, कारण आम्ही गेलो ते त्यांच्या व्हायोलिनसाठी.

मावशी मूळच्या मिरजेच्या. नेपरव्हिलमधल्या अर्ध्या मराठी मुलांना त्यांनी व्हायोलिन शिकवलंय. क्लास त्यांच्या घरी बेसमेंटमध्ये. आपल्याकडे व्हायोलिन जमिनीवर मांडी घालून वाजवतात. एक टोक छातीशी, दुसरं उजव्या पावलावर टेकवलेलं. वाद्य पायावर ठेवायचं, तर पाय स्वच्छ हवेत, हा मावशींचा नियम. बूट दाराबाहेर, आणि नुसते बूट काढून भागत नाही. खाली लाँड्रीच्या सिंकमध्ये पाय धुवायचे, पुसायचे, मग सतरंजीवर बसायचं. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी.

एक नवीन मुलगा पहिल्याच दिवशी आईला फोन करून म्हणाला होता, "मॉम, आर यू शुअर? आय थिंक धिस इज स्विमिंग."

मी शिकायला जात नव्हतो. मावशींच्या गाडीची बॅटरी दर थंडीत बसायची, ती बघायला जायचो. काम झालं की त्या मला किचनमध्ये चहा देऊन खाली क्लासला जायच्या. मी मोजे काढून बसायचो, कारण त्यांनी 'सा' लावला की तो फरशीतून वर यायचा आणि तळपायाला लागायचा. हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्या व्हायोलिनचा आवाज बसला. घरातली हीटिंगची कोरडी हवा लागून लाकडाला चीर गेली म्हणे. बो, म्हणजे गज, फिरवला की नुसती घरघर. शिकागोच्या दुकानात दाखवलं. तिथला माणूस म्हणाला, हे फॅक्टरीतलं साधं वाद्य आहे, दुरुस्तीपेक्षा नवीन घ्या.

ते व्हायोलिन मावशींना त्यांच्या वडिलांनी दिलेलं. मावशी त्याला म्हणाल्या, "आमचे हे रात्रभर घोरायचे. म्हणून मी नवीन बघितले का?"

घरी येऊन त्यांनी केस बंद केली आणि क्लासही बंद केला. दुसऱ्याचं व्हायोलिन घेऊन शिकवणार नाही म्हणाल्या. मुलांचे आईबाप विनवून गेले, पण नाही. मी बॅटरी बघायला गेलो तर किचनची फरशी नुसतीच फरशी होती.

*

वसंतात प्रसन्नदादाला ऑफिसने कामासाठी मिलानला पाठवलं. वहिनी बरोबर जाणारच होती. तिने कुठेतरी वाचलं की मिलानहून ट्रेनने एका दिवसात जाऊन येता येईल असं क्रेमोना नावाचं गाव आहे, तिथे गल्लीगल्लीत व्हायोलिन बनवणारे बसलेत. मावशींना घेऊन जाऊ या, ती म्हणाली. मावशी नको म्हणाल्या.

आमच्यात तन्वी आहे. ती इथेच जन्मलेली, मावशींची पहिली शिष्या, आता शिकागोत फिजिकल थेरपिस्ट आहे. ती वाद घालत बसत नाही. तिने मावशींचं तिकीट काढलं आणि मग फोन करून पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे ते विचारलं.

माझंही तिकीट तिनेच काढायला लावलं. मी म्हटलं, माझं काय काम? ती म्हणाली, "डूड, तुझे फोटो फक्त पासपोर्ट आणि लायसन्सवर आहेत. चल."

*

आता प्रसन्नदादा. तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे, पुण्याचा. त्याच्या प्रत्येक प्लॅनमध्ये 'बफर' असतो, म्हणजे उगाच हाताशी ठेवलेला वेळ. पिक्चरला जायचं तरी बफर. वहिनी सांगते की लग्नाच्या मुहूर्तालाही याने भटजींकडे बफर मागितला होता.

क्रेमोनाला जायच्या दिवशी त्याने आम्हाला इतक्या लवकर स्टेशनवर नेलं की गाडी लागली नव्हती, तिच्या आधीची लागली नव्हती, आणि कॉफीवाला खुर्च्या मांडत होता. आम्ही त्याला खूप बोललो. तो शांतपणे म्हणाला, "बफर कशासाठी असतो ते वेळ आल्यावर कळतं."

गाडी सुटली. दोन्ही बाजूला सपाट शेतं, कडेने उंच झाडांच्या रांगा. मावशी व्हायोलिनची केस मांडीवर घेऊन बसल्या होत्या, वर ठेवू देत नव्हत्या. मध्ये कोदोन्यो नावाचं स्टेशन आलं. प्लॅटफॉर्मवर पाण्याचा नळ होता. प्रसन्नदादाने नळ बघितला, सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या आणि उतरला.

गाडी थांबली की घरातल्या एका पुरुषाने उतरून पाणी भरायचं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. अमेरिकेत इतकी वर्षं काढून, घरात दोन-दोन फिल्टर लावून, त्याचे पाय आपोआप उतरले. पण इटलीतली गाडी कुणाचं पाणी भरून व्हायची वाट बघत नाही. दारं बंद झाली. खिडकीतून दिसलं तेव्हा दादा आमच्या दिशेने धावत होता, आणि बाटली वर करून दाखवत होता. भरली होती.

सगळ्यांची तिकिटं त्याच्या फोनमध्ये.

तेवढ्यात तिकीट तपासणारी बाई आलीच. उंच, कडक, हातात मशीन. वहिनीने तिला थांबवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. वहिनी नागपूरची. "प्रसन्न, तू काय करून राहिला बे तिथं? तिकिटं दाखव." आता ज्या फोनवर तो बोलतोय त्याच फोनमध्ये तिकिटं. आम्हाला वाटलं, संपलं.

कोदोन्योच्या प्लॅटफॉर्मवरून अगदी ऑफिसचा आवाज आला, "मी स्क्रीन शेअर करतोय. माझी स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?"

दिसत होती. तिकीटवाल्या बाईने वहिनीच्या फोनसमोर मशीन धरलं, टिंग वाजलं. पुढचं तिकीट, टिंग. सगळी झाली. बाईने फोनकडे बघून 'ग्रात्सिए', म्हणजे धन्यवाद, म्हटलं. दादा म्हणाला, "थँक यू एव्हरीवन," आणि मीटिंग संपवली.

तो पुढच्या गाडीने क्रेमोनाला उतरला. आम्ही हसायला तोंड उघडलं, तर त्याने सगळ्यांच्या हातात एकेक गार बाटली दिली आणि घड्याळ दाखवलं. प्लॅनप्रमाणे गावात शिरायची वेळ झाली नव्हती अजून.

"यासाठी बफर," तो म्हणाला.

*

दादाची वाट बघत होतो तेव्हाचा हा किस्सा.

स्टेशनपासून जवळ एक खाण्याच्या वस्तूंचं दुकान होतं. चीज, मांस, आणि काचेच्या मोठ्या बरण्यांमध्ये पाकात घातलेली अख्खी फळं. लाल, हिरवी, पिवळी. आम्हाला वाटलं मुरांबा. दुकानदारीणबाईने काडीला टोचून एकेक तुकडा चाखायला दिला. वहिनीने तोंडात टाकला आणि पुढच्या क्षणी नाक धरून दुकानाबाहेर गेली.

मावशींनी मात्र डोळे मिटून चावलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा असा की माहेरचं कुणी भेटलंय. म्हणाल्या, "अगं, ही तर आपली फेसलेली मोहरी. नाकात कशी गेली बघ."

मग त्यांनी त्या बाईला हाताने वाटण्याची खूण करून विचारलं, मोहरी फेसता कशी तुम्ही? मराठीत विचारलं. बाईने इटालियनमध्ये उत्तर दिलं. मावशी म्हणाल्या, आम्ही पाणी घालत घालत फेसतो. बाईने मान हलवली, नाही नाही, आणि कसल्यातरी थेंबांची खूण केली. मावशींना ते पटलं नाही. तिला यांचं पटलं नाही. चांगलंच वाजलं दोघींचं. शेवटी मावशींनी पिशवीतून डब्यातली दशमी आणि लोणचं काढून तिला खायला लावलं. तिने खाल्लं आणि एक अख्खी बरणी कागदात गुंडाळून मावशींच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

तन्वी माझ्या कानाशी म्हणाली, "दे डोन्ट हॅव अ सिंगल वर्ड इन कॉमन."

मावशींना ऐकू गेलं. "मोहरी आहे की," त्या म्हणाल्या.

गेल्या कित्येक महिन्यांत त्या अशा भांडल्या नव्हत्या. मला फार बरं वाटलं.

*

पण पुढे सगळं उतरत गेलं.

गावात खरंच गल्लीगल्लीत व्हायोलिनवाले होते. खिडकीत कच्ची, रंग न दिलेली व्हायोलिनं दोरीला टांगलेली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. पहिल्याने सांगितलं, आधी वेळ घेतल्याशिवाय बघत नाही. दुसऱ्याने बघितलं. फार सभ्य माणूस होता. त्याने व्हायोलिन उलटसुलट केलं, हनुवटीखाली धरून वाजवलं, घरघर ऐकली, आणि शिकागोवाल्याने सांगितलं होतं तेच जास्त गोड आवाजात सांगितलं.

मावशींनी केस बंद केली. म्हणाल्या, "झालं ना आता? इथल्या माणसानेही सांगितलं. चला, चर्चच्या मनोऱ्यावरचं ते मोठं घड्याळ बघू आणि परत जाऊ."

 दादा फोनमध्ये बघत राहिला. तन्वी पुढच्या गल्लीत शिरली.

तिसरं दुकान छोटं होतं. आत एक म्हातारा गृहस्थ, अंगात एप्रन, चष्मा कपाळावर. नाव रेनातो. त्याने केसकडे बघितलं, लेबल वाचलं, आणि मोडक्या इंग्रजीत 'फॅक्टरी' हा शब्द म्हटला. पुढचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं.

तन्वीने त्याला ते बोलूच दिलं नाही. ती म्हणाली, "सर, मी फिजिकल थेरपिस्ट आहे. माझ्याकडे रोज लोक गुडघे खराब झालेल्या आजीला घेऊन येतात. मी कुणालाही नवीन आजी घ्या असं सांगत नाही."

तिच्या फोनने भाषांतर करून हे इटालियनमध्ये म्हणून दाखवलं. रेनातो हसला. खुर्ची पुढे केली आणि मावशींना खूण केली, वाजवून दाखवा.

*

आता बुटांचं.

मला मध्येच मागे जावं लागेल, कारण दुकानात शिरण्याआधीच हे होऊन गेलं होतं. दारातून मावशींना भिंतीवर टांगलेली इतकी वाद्यं दिसली आणि त्यांनी साडीखालचे पांढरे स्पोर्ट्स शूज काढले. त्यांनी काढले म्हणून तन्वीने काढले. मग वहिनीने, दादाने. कुणीच विचार केला नाही. आम्ही सगळे नेपरव्हिलच्या बेसमेंटच्या दारात होतो.

मी पुजाऱ्याचा मुलगा. देवळाबाहेरच्या चपला नीट लावणं हे लहानपणापासूनचं माझं काम. फुटपाथ अरुंद होता, येणाऱ्याजाणाऱ्याला अडथळा झाला असता. पलीकडच्या भिंतीशी एक मोठी पिवळी लोखंडी पेटी होती, तिच्याजवळ सावली होती. मी सगळ्यांचे बूट उचलून तिथे ठेवले. जोड्या लावल्या, टोकं भिंतीकडे केली. सुबक दिसत होतं.

आत रेनातो आमच्या मोज्यांकडे बघत होता. दादाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. 

मावशींनी त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने ग्लास आणला. मावशींनी पायाकडे बोट दाखवलं. त्याने मागच्या बाजूला वळून बायकोला हाक मारली. ती आली, मावशींचे पाय बघितले, 'बिचारी' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली, आणि थोड्या वेळाने घमेलं घेऊन आली. त्यात कोमट पाणी आणि मूठभर मीठ! तिला वाटलं, चालून चालून पाय सुजलेत.

मावशींनी वाद घातला नाही. मिठाच्या पाण्यात पाय धुतले, तिच्याच टॉवेलने पुसले, तन्वीने अंथरलेल्या शालीवर बसल्या आणि उजवं पाऊल पुढे करून व्हायोलिन त्यावर टेकवलं.

रेनातोने कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

मावशींनी बो फिरवला. घरघर. त्यांनी थांबून आमच्याकडे बघितलं, जसं काही ते ऐकून आम्हालाच दुखेल. रेनातोने हाताने खूण केली, चालू ठेवा. मग तो आधी गुडघ्यावर बसला, मग चक्क पालथा झोपला, आणि व्हायोलिनच्या पोटाशी कान लावला. एका बोटाने लाकडावर टिचकी मारली.

टक.

बाहेरून आवाज आला, धप्प.

रेनातोने डोकं वर केलं. व्हायोलिनकडे बघितलं. परत टिचकी मारली. टक.

धप्प.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं तो हे काम करतोय, पण असं उत्तर देणारं व्हायोलिन त्याने पहिल्यांदाच बघितलं असावं. तो टकटक करत राहिला आणि बाहेर धप्प धप्प होत राहिलं. मग बाहेरचं थांबलं आणि तो निश्चिंत झाला.

उठून बसल्यावर तो फोनमध्ये बराच वेळ बोलला. फोनने सांगितलं ते असं. चीर मी बुजवीन. पण आतला आधार ज्याने लावलाय त्याने हे वाद्य खांद्यावर ठेवून वाजवणार असं समजून लावलाय. ही बाई त्याला पायावर ठेवते. यांच्या बसण्याप्रमाणे तो परत लावायला हवा. गोंद रात्रभर वाळू दे. मग आवाज येईल, किंवा येणार नाही. वचन देत नाही.

मावशींनी विचारलं, "उद्या संध्याकाळी आमचं विमान आहे. त्याच्या आत कळेल?"

सकाळी कळेल, तो म्हणाला.

मावशींनी केस त्याच्या टेबलावर ठेवली. हात केसवरून काढायला त्यांना वेळ लागला.

*

बाहेर आलो तर फुटपाथ स्वच्छ. एकही बूट नाही.

पिवळ्या पेटीजवळ चाकांची पिशवी घेऊन एक आजीबाई उभ्या होत्या, समाधानाने हात झटकत. रेनातो त्यांच्याशी बोलला आणि बोलता बोलता भिंतीला टेकून हसायला लागला. ती पेटी गरिबांसाठी जुने कपडे आणि बूट टाकायची होती. कुणीतरी इतके चांगले बूट पेटीशेजारी नुसतेच ठेवून गेलं, आत टाकायचे कष्ट घेतले नाहीत, म्हणून आजीबाईंनी एकेक उचलून आत टाकला होता. पेटी अशी की टाकलेलं बाहेर येत नाही.

 मी जमिनीत जायला तयार होतो. वहिनीचे बूट तर आदल्याच दिवशी मिलानला घेतलेले.

आजीबाईंना खरं काय ते कळलं तसा त्यांचा चेहरा पडला. तेव्हा मावशी मोज्यांवरच पुढे गेल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. आम्हाला म्हणाल्या, "दान झालं. दिलेलं परत मागायचं नसतं. हसा जरा, बाई घाबरलीय."

आम्ही हसलो. वहिनी हसतच म्हणाली, "मावशी, दानाला हरकत नाही, पण निदान घालून जुने तरी करू द्यायचे होते."

रेनातोच्या बायकोने घरातल्या सगळ्या चपला आणून आमच्यासमोर ओतल्या. दादाला नातवाच्या रबरी सपाता मिळाल्या, टाच अर्धी बाहेर. वहिनीला गुलाबी, वर पिसांचा गोंडा. तन्वीला समुद्रावरच्या. मावशींना लोकरीच्या. मला रेनातोच्या कामाच्या लाकडी चपला, त्यांत अजून भुसा होता. ते मोठं घड्याळ आम्ही तशाच पायांनी बघितलं.

परतीच्या गाडीत सकाळचीच तिकीटवाली बाई होती. तिने या वेळी दादाला प्रत्यक्ष बघितलं. मग त्याच्या पायांकडे बघितलं. तिकीट न मागता पुढे गेली.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. मांडी रिकामी होती, तरी दोन्ही हात केस धरल्यासारखे. कोदोन्यो आलं तेव्हा वहिनीने दादाचा शर्ट धरून ठेवला.

रात्री जेवताना विषय निघाला. सकाळी व्हायोलिन आणायला कुणीतरी जायला हवं होतं. दादाची मीटिंग होती. वहिनीला फ्लॅट आवरून किल्ली द्यायची होती. तन्वी लगेच तयार झाली. मावशींनी तिला थांबवलं.

"दिगू जाईल. बूट त्याने लावले होते, चपला तोच परत करेल."

मी म्हटलं, मावशी, मला भाषा येत नाही, मी एकटा कधी कुठे गेलो नाही, आणि व्हायोलिन चांगलं झालं की नाही हे मला काय कळणार?

त्या म्हणाल्या, "माझ्या किचनमध्ये तू मोजे काढून का बसायचास, ते मला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

*

सकाळी मी एकटा स्टेशनवर गेलो. हातात चपलांची पिशवी, पायात रेनातोच्या लाकडी चपला, कारण माझ्याकडे बुटांचा एकच जोड होता आणि तो पेटीत होता. तिकीट मशीनमधून काढलं. योग्य गाडीत बसलो. कोदोन्योला नळाकडे बघितलंही नाही.

क्रेमोनात दुकानं अजून उघडत होती. रेनातोच्या गल्लीत मी वळलो आणि थांबलो.

त्याच्या दाराबाहेर तपकिरी रंगाचे जुने चामडी बूट ठेवले होते. जोडी लावलेली, टोकं भिंतीकडे. पिवळ्या पेटीपासून चांगले लांब.

दार अर्धवट उघडं होतं. आत फरशीवर ओल्या पावलांचे ठसे कोपऱ्यापासून मधोमध आले होते. कोपऱ्यात ते घमेलं. मधोमध रेनातो पँट वर दुमडून जमिनीवर बसला होता. मांडी त्याला नीट जमली नव्हती, पण उजवं पाऊल पुढे होतं आणि पावलावर मावशींचं व्हायोलिन. त्याने मला बघितलं नाही. त्याने बो उचलला आणि एकच सूर लावला, लांब.

मी दारातच लाकडी चपलांतून पाय काढून आतल्या फरशीवर ठेवला. सूर तळपायाला लागला.

मग पिशवीतल्या सगळ्या चपला काढल्या, त्याच्या बुटांशेजारी ओळीने लावल्या, आणि पाय धुवायला आत गेलो.